आमनेसामने बसण्याआधी: गुन्हा सोसणारा आणि गुन्हा करणारा यांच्या भेटीची तयारी

घरफोडी होते, तक्रार होते, चोर सापडतो, खटला उभा राहतो. त्यानंतरचं सगळं पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांच्यात चालतं. ज्याचं घर फुटलं त्याला फार तर साक्षीला बोलावतात. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि खाली उतरायचं. पण त्याच्या मनात घोळत असतं ते वेगळंच. माझंच घर का निवडलंस? मी आत असतो तर काय केलं असतंस? आईची अंगठी कुठे आहे? हे प्रश्न कोर्टात कुणी विचारत नाही, आणि त्यांची उत्तरं जगात एकाच माणसाकडे असतात.

त्या माणसाशी सुरक्षितपणे, तयारीनिशी बोलता यावं म्हणून जी पद्धत उभी राहिली तिला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. मराठीत ‘पुनर्स्थापनात्मक न्याय’ असा शब्द रुळतो आहे. नेहमीचा खटला विचारतो की कोणता कायदा मोडला, कुणी मोडला आणि शिक्षा किती. इथले प्रश्न असे: कुणाला इजा झाली, त्यांना आता कशाची गरज आहे, आणि ती भागवायची जबाबदारी कुणाची.

हा लेख अशा भेटीचा पहिल्यांदाच विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. ज्यांनी सोसलं, ज्यांच्या हातून घडलं, त्यांचे घरचे लोक आणि हे काम शिकू पाहणारे समन्वयक, म्हणजे दोघांची तयारी करून घेणारी आणि भेट घडवून आणणारी तिसरी माणसं. मी पुढे ‘सोसणारा’ आणि ‘करणारा’ हेच शब्द वापरणार आहे. ‘पीडित’ आणि ‘गुन्हेगार’ ही लेबलं माणसाला जन्मभर चिकटतात, आणि या कामात आपल्याला माणसाकडे लेबलाच्या पलीकडे बघायचं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. भेट सावरते किंवा फसते ती भेटीच्या दिवशी नव्हे, त्याआधीच्या तयारीत.

हे काय आहे आणि काय नाही

ही तडजोड नाही. ‘चार पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या’ असं कुणी सुचवत असेल तर त्याला या नावाने हाक मारू नका. माफी द्यायलाच हवी अशीही अट इथे नसते. काही जण माफ करतात, काही करत नाहीत, काहींना तो शब्दच नको असतो, आणि तिन्ही प्रकारच्या भेटी चांगल्या होऊ शकतात. शिवाय ही पद्धत शिक्षेच्या जागी येतेच असं नाही. कधी ती खटल्याऐवजी वापरतात, कधी निकालाआधी, तर कधी माणूस कित्येक वर्षं तुरुंगात काढल्यानंतर.

आजच्या रूपातल्या या कामाची सुरुवात बहुतेक जण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा या छोट्या गावापासून मोजतात. १९७४ साली तिथल्या दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. दोघांनी गुन्हा कबूल केला. त्यांचे प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारे) मार्क यांत्झी यांनी सुचवलं की या मुलांनी नुकसान झालेल्या लोकांना स्वतः जाऊन भेटावं. न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांनी ते मान्य केलं. मग ही मुलं एकेक दार ठोठावत गेली. यांत्झी आणि त्यांचे सहकारी डेव्ह वर्थ वही घेऊन बाजूला उभे असायचे. काही महिन्यांत भरपाई दिली गेली, आणि त्यातूनच पुढे शेजारच्या किचनर शहरात अशा भेटींचा पहिला कार्यक्रम उभा राहिला.

ही गोष्ट मला फार जवळची वाटते, पण आज तशी भेट कुणीही घडवू नये. दार उघडल्यावर समोर अचानक तोच माणूस उभा दिसणं हा कित्येकांसाठी दुसरा धक्का ठरेल. त्यानंतरच्या वर्षांत हे काम करणारे लोक जे शिकले ते मुख्यतः हेच: दार ठोठावण्याआधी काय काय करायचं.

पायरी १: भेट होण्यासारखी आहे का, हे तपासा

करणाऱ्याने जबाबदारी घेतलेली असली पाहिजे. ‘मी तिथे नव्हतोच’ असं म्हणणाऱ्याला सोसणाऱ्यासमोर बसवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. तपशिलात थोडाफार मतभेद चालतो, पण ‘हे मी केलं’ एवढं तरी स्वच्छ हवं.

दोघंही राजीखुशीने आलेले हवेत आणि कोणत्याही क्षणी उठून जाता येईल हे दोघांनाही ठाऊक हवं. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००२ साली या कामाची मूलभूत तत्त्वं मंजूर केली. त्यात ही ऐच्छिक संमती आणि ती मागे घेण्याचा हक्क स्पष्ट नोंदवलेला आहे. करणाऱ्याने भाग घेतला म्हणजे पुढच्या खटल्यात तो कबुलीचा पुरावा मानू नये, आणि भेटीत ठराव, म्हणजे पुढे काय करायचं याचा करार, झाला नाही म्हणून ते त्याच्याविरुद्ध वापरू नये, हेही त्याच तत्त्वांत आहे. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. तुमच्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो ते होकार देण्याआधी वकिलाला विचारून घ्या.

मग सुरक्षितता. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, वर्षानुवर्षांचा धाक असलेलं नातं, अशा ठिकाणी फार जपून पाऊल टाकावं लागतं. अशा प्रकरणांत भेट कधीच होऊ शकत नाही असं मी म्हणणार नाही. सोसलेल्या बाईने स्वतःहून मागितली आणि त्याच विषयाचं खास प्रशिक्षण घेतलेला समन्वयक असला, तर ती होते आणि तिला हवं ते मिळूही शकतं. पण दोघं आजही एका घरात राहत असतील, पैशासाठी एक दुसऱ्यावर अवलंबून असेल, एका नजरेने समोरच्याला गप्प करता येत असेल, तर ‘राजीखुशी’ या शब्दाला अर्थ उरत नाही. घरच्यांच्या किंवा समाजाच्या दबावाखाली दिलेली संमतीही संमती नव्हे. समन्वयकाने सोसणाऱ्याला एकट्यात भेटायचं ते याचसाठी.

पायरी २: विचारायचं कुठे

प्रोबेशन अधिकारी, पीडित सहाय्य केंद्र, सरकारी वकिलाचं कार्यालय, तुरुंगातले समाजसेवा अधिकारी, बालन्याय यंत्रणा. यांच्यापैकी कुणाला तरी माहिती असते. देशोदेशी सोय वेगवेगळी आहे. न्यूझीलंडने १९८९ साली अल्पवयीनांच्या गुन्ह्यांसाठी कौटुंबिक परिषद, म्हणजे घरच्यांसह सगळ्यांची बैठक, कायद्यातच आणली, आणि त्यामागे तिथल्या मूळच्या माओरी समाजाची ही मागणी होती की मुलाबद्दलचा निर्णय त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन व्हावा. तिथेच २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रौढ आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या गुन्ह्यात कुणा व्यक्तीला झळ बसलेली असली, तर ठरावीक अटींवर शिक्षा सुनावण्याआधी अशा भेटीची शक्यता तपासण्यासाठी कोर्टाला काम पुढे ढकलावं लागतं. बेल्जियमच्या २००५ च्या कायद्याने ही सोय कोणत्याही गुन्ह्यासाठी आणि खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर खुली केली. कित्येक ठिकाणी मात्र कायदा अजून इथवर आलेला नाही आणि सगळं एखाद्या संस्थेच्या किंवा अधिकाऱ्याच्या पुढाकारावर चालतं.

काहीही असलं तरी स्वतःहून गाठू नका. फोन नाही, समाजमाध्यमांवरून निरोप नाही, ‘सहज दाराशी आलो होतो’ तर मुळीच नाही. हे दोघांनाही लागू आहे. करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, त्याने परस्पर पाठवलेलं माफीचं पत्र सोसणाऱ्याच्या घरात दुसऱ्यांदा घुसल्यासारखं असतं. जामिनाच्या अटी मोडल्या जाण्याचा धोका आहे तो वेगळाच.

पायरी ३: तयारी

इथे घाई करू नका. समन्वयक दोघांना वेगवेगळं भेटतो, एकदा नाही तर दोनदा, तीनदा, गरज पडली तर आणखी. यात आठवडे जातात, गंभीर गुन्ह्यांत महिनोन्‌महिने.

तुम्ही सोसणाऱ्यांपैकी असाल तर एक वही घ्या. मनात येतील ते प्रश्न येतील त्या शब्दांत लिहा. रागाचे, बारीकसारीक, लोकांना क्षुल्लक वाटतील असेही. मग समन्वयकासोबत ते वाचा आणि प्रत्येकापुढे स्वतःला विचारा: याचं सर्वांत वाईट उत्तर काय असू शकेल, आणि ते मला पेलेल का? ‘माझंच घर का’ याचं खरं उत्तर पुष्कळदा ‘काही कारण नव्हतं’ एवढंच असतं. कुणाला ते ऐकून सुटल्यासारखं वाटतं, कुणाला त्याने आणखी राग येतो. आपण कोणत्या बाजूचे हे भेटीआधी थोडंफार उमगलेलं बरं.

काय हवं आहे तेही ठरवा. भरपाई? उत्तरं? त्याने माझ्याकडे बघून ऐकावं एवढंच? की पुन्हा या रस्त्याला दिसणार नाही असा शब्द? ‘मला अजून नक्की माहीत नाही’ हेही चालतं. फक्त ‘तो रडला पाहिजे’ अशी अपेक्षा मनात असेल तर ती समन्वयकाला आधी सांगा. काही माणसं लाजेने दगडासारखी बसून राहतात, आणि ते पाहून ‘याला काहीच वाटत नाही’ असा समज होतो. समन्वयकाने त्याला आधी पाहिलेलं असतं, तो तुम्हाला याची कल्पना देऊ शकतो.

तुम्ही करणाऱ्यांपैकी असाल तर तुमची तयारी अधिक अवघड आहे. घडलं ते सुरुवातीपासून सांगून पाहा. समन्वयक तुमच्या बोलण्यातला एक शब्द पकडेल: ‘पण’. ‘मी चूक केली, पण दार उघडंच होतं.’ ‘मला वाईट वाटतं, पण मी तेव्हा शुद्धीत नव्हतो.’ ‘पण’ आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. तुमच्या आयुष्यातल्या अडचणी खऱ्या असतील, आणि त्या सांगायला भेटीत जागा मिळतेही. मात्र समोरच्याने विचारल्यावर, आणि माफीच्या वाक्यात न गुंफता.

माफीचं भाषण पाठ करू नका. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. त्याऐवजी त्या दिवसाचा तपशील आठवा: कुठून आलात, काय पाहिलंत, कशाला हात लावलात. सोसणाऱ्याला सर्वाधिक हवा असतो तो हाच तपशील. आणि शिक्षेत सूट मिळेल एवढ्यासाठीच येत असाल तर येऊ नका. सूट मिळेल ही आशा मनात असणं माणसाचं आहे, समन्वयकापुढे ती कबूलही करावी, पण तेवढंच एक कारण असेल तर समोरच्याला ते कळतं आणि त्याची जखम उलट चिघळते.

दोघांनीही सोबत कुणाला आणायचं ते नीट विचार करून ठरवा. बहीण, मित्र, शिक्षक, कुणीही. कसोटी एकच: तुम्ही कोसळलात तर हा माणूस तुम्हाला सावरेल, की तुमच्या वतीने भांडायला उठेल? भांडणाऱ्यावर प्रेम असलं तरी त्याला घरी ठेवा. सोबत येणाऱ्यालाही समन्वयक आधी भेटलेला असावा.

तयारीच्या शेवटी ‘नको’ म्हणावंसं वाटलं तर म्हणा. तयारी वाया जात नाही. आपले प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून ऐकले, एवढ्यानेही काहींचं ओझं हलकं होतं. समोरासमोर बसायचं नसेल तर दुसरे मार्ग आहेत. पत्र, ध्वनिमुद्रित निरोप, किंवा समन्वयकाने दोघांमध्ये ये-जा करून प्रश्नोत्तरं पोहोचवणं. त्यांना दुय्यम मानू नका. कित्येकांना तेवढंच पुरतं.

पायरी ४: खोली

जागा दोघांनाही परकी असावी. पोलीस ठाणं शक्यतो नको. खुर्च्या गोलात, सगळ्या एकाच उंचीच्या. मधलं मोठं टेबल काढून टाकलं तर बोलणं अधिक मोकळं होतं, पण काही सोसणाऱ्यांना समोर काहीतरी आडोसा हवासा वाटतो. मग टेबल राहू द्या. दाराजवळची खुर्ची कुणाची, आत आधी कोण येणार, आधी कोण बोलणार, हे सोसणाऱ्याला विचारून ठरवा. गुन्ह्याच्या वेळी त्याच्या हातात काहीच नव्हतं. इथे लहानलहान गोष्टींचा ताबा त्याच्याकडे असणं म्हणूनच मोलाचं आहे.

दोघांच्या येण्याच्या वेळा वेगळ्या ठेवा, म्हणजे जिन्यात गाठ पडणार नाही. मध्येच उठून बसता येईल अशी दुसरी एक खोली हवी. पाणी आणि कागदी रुमाल हाताशी हवेत. फोन बंद.

पायरी ५: भेट

समन्वयक सगळ्यांची ओळख करून देतो, का जमलो ते सांगतो, नियम सांगतो: एकेकाने बोलायचं, शिवीगाळ नाही, कधीही थांबता येईल. इथलं बोलणं इथेच राहील, मात्र कुणाच्या जिवाला धोका असल्याचं समोर आलं तर ते दडवता येणार नाही, हेही तो आधीच स्पष्ट करतो. मग क्रम साधारण असा. करणाऱ्याला विचारतात: काय घडलं, त्या वेळी मनात काय होतं, त्यानंतर काय विचार आले, कुणाकुणाला झळ बसली असं वाटतं. सोसणाऱ्याला विचारतात: कळलं तेव्हा काय वाटलं, तेव्हापासून काय बदललं, सर्वांत जड काय गेलं. नंतर सोबतचे बोलतात. शेवटी सगळ्यांना: आता काय व्हायला हवं?

समजा, एका बाईच्या घरी रात्री चोरी झाली आहे. चार महिने ती दिवा चालू ठेवून झोपते, पडदे दिवसाही ओढलेले. भेटीत ती चोरीला गेलेल्या वस्तूंबद्दल बोलतच नाही. ती विचारते, ‘किती दिवस माझ्या घरावर नजर ठेवून होतास?’

मुलगा गोंधळतो. ‘नजर नव्हती ठेवली. रस्त्याने जात होतो. तुमचा दिवा बंद होता, खिडकी अर्धी उघडी होती.’

‘म्हणजे मी एकटी राहते हे तुला माहीत नव्हतं?’

‘नाही. घरात कुणी नाही असंच वाटलं होतं. आत खोकल्याचा आवाज आला आणि मी पळालो.’

ती बराच वेळ काही बोलत नाही. चार महिने तिच्या मनात एक माणूस होता, जो रोज कोपऱ्यावर उभा राहून तिच्या खिडकीकडे पाहत असे. तो माणूस नव्हताच. ही गोष्ट तिला पोलीस सांगू शकत नव्हते, निकालपत्रातही ती कुठे आली नसती. आणि मुलालाही पहिल्यांदाच कळतं की त्याने दहा मिनिटांत उचललेल्या चार वस्तूंपलीकडे आणखी काय नेलं होतं.

हे काम शिकणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. ती गप्प असते तेव्हा तुम्ही बोलू नका. शांतता सहन होत नाही म्हणून समन्वयक मध्ये पडतो आणि नेमका तोच क्षण हातचा जातो. मनात वीसपर्यंत मोजा, मग पुन्हा वीसपर्यंत. तुमचं काम खोली सांभाळण्याचं आहे. उपदेश करू नका, ‘आता माफ करून टाका’ असं चुकूनही म्हणू नका, आणि करणाऱ्याला धारेवर धरायचा मोह आवरा. ते सोसणाऱ्याचे शब्द आहेत, त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. आवाज चढला तर लगेच घाबरायचं कारण नाही, रागाला इथे जागा आहे. अपमान सुरू झाला, धमकीचा सूर आला, किंवा कुणी भेदरून आकसून बसला, तर थांबवा आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत नेऊन बोला. भेट मध्येच संपवावी लागली तरी चालेल.

पायरी ६: ठराव

प्रत्येक भेटीतून ठराव निघालाच पाहिजे असं नाही. निघाला तर तो नेमका लिहा. ‘वागणूक सुधारेन’ हे कुणालाच मोजता येत नाही. ‘दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अमुक रक्कम, दहा हप्ते, प्रोबेशन कार्यालयामार्फत’ हे मोजता येतं. पैशाशिवाय इतरही गोष्टी असू शकतात: मोडलेलं दुरुस्त करून देणं, व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण करणं, ठरावीक रस्ता टाळणं, एखाद्या संस्थेत काम करणं. सोसणारे पुष्कळदा ‘त्याने शिक्षण पुरं करावं’ असंही मागतात, आणि करणाऱ्याला सर्वांत जास्त हलवून सोडते ती हीच मागणी.

करणारा भावनेच्या भरात हवं ते कबूल करायला तयार होतो. समन्वयकाने तिथे त्याला थांबवून विचारायचं: कमाई किती, घरी किती द्यावे लागतात, उरतं किती? मोडलेलं वचन हे सोसणाऱ्यासाठी आणखी एक फसवणूक असते. हप्ता चुकला तर कुणी कुणाला कळवायचं तेही कागदावर आणा. तो कागद कोर्टात जाणार असेल तर सही करण्याआधी दोघांनाही ते माहीत असावं.

पायरी ७: नंतर

पहिल्या दोन-तीन दिवसांत समन्वयकाने दोघांनाही फोन करावा. भेटीच्या दिवशी हलकं वाटलेला माणूस तिसऱ्या रात्री झोपेविना तळमळू शकतो. करणाऱ्याला तर पुष्कळदा नंतरच खरं जड जातं, आणि त्याच्याशी बोलायला कुणी नसेल तर तो पुन्हा जुन्या वाटेला लागू शकतो.

या सगळ्याचा उपयोग किती, असं तुम्ही विचाराल. २०१३ साली अशा समोरासमोरच्या भेटींवरच्या १० प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. या प्रयोगांत कुणाला भेट मिळणार आणि कुणाला नेहमीचीच प्रक्रिया, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण माफक पण खरोखर कमी झालेलं दिसलं, आणि भेटलेल्या सोसणाऱ्यांचं समाधान नेहमीच्या प्रक्रियेतून गेलेल्यांपेक्षा जास्त होतं. म्हणून कुणी ‘या भेटीने गुन्हेगार सुधारतोच’ अशी हमी देऊ लागला तर विश्वास ठेवू नका, आणि सोसणाऱ्याला ‘तुमच्यामुळे एक मुलगा सुधारेल’ असं सांगून भेटीला तयार करू नका. सुधारणं हे करणाऱ्याचं काम आहे, सोसणाऱ्यावर ते ओझं टाकायचं नाही.

शेवटी एक छोटी गोष्ट, जी हमखास राहून जाते. ठराव पाळला जातो आहे की नाही हे कळवत राहायचं का, किती दिवसांनी आणि कसं, हे भेट संपतानाच सोसणाऱ्याला विचारून घ्या. कुणाला प्रत्येक हप्त्याची खबर हवी असते. कुणाला फक्त शेवटचा हप्ता भरल्याचा निरोप पुरतो. आणि कुणी म्हणतं, मला जे विचारायचं होतं ते विचारून झालं, आता त्याचं नाव पुन्हा माझ्या फोनवर नको. तेही लिहून ठेवा, आणि पाळा.